पेडगावच्या वाटेवर

वेड पांघरून पेडगावला जाणं ही म्हण आम्ही फलटणकरही सहज वापरतो. पण वेड्यासारखं वागणाऱ्या एका माणसाशी आमच्या गावाचं नातं त्याहून जुनं आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, चक्रपाणी मूळचे इथले, आणि त्यांच्याकडून ज्ञानशक्ती स्वीकारलेले ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू उभा जन्म वेड्यासारखे वागले. लोक वेडा म्हणत, भक्त लीळा म्हणत. तेराव्या शतकात त्याचा दाखला कुणी मागितला नाही.

माझी नोकरी तो दाखला देण्यातच गेली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांच्या बुद्धिचाचण्या मी घेत असे. बाहेर बाकावर एखादी आई पोराला पढवताना ऐकू यायची, "काय बी इचारलं तरी येत न्हाई म्हण." हाताशी बिने-कामत चाचणी. व्ही. व्ही. कामतांनी बिनेच्या प्रश्नांना कानडी-मराठी रूप दिलं, 1940 साली पुस्तक काढलं. माप चोख, पण मुद्दाम चुकणारा ओळखायची सोय त्यात नाही.

ती सोय स्वित्झर्लंडच्या आंद्रे रे यांनी शोधली. 1941 मध्ये त्यांनी ठिपके मोजायला दिले, काही विखुरलेले, काही गटागटाने मांडलेले. गटातले लवकर मोजून व्हायला हवेत. सोंग घेणारा दोन्हीकडे सारखाच रेंगाळतो. पुढे त्यांचीच पंधरा खुणांची चाचणी आली: खुणा पाहायच्या, मग आठवून कागदावर काढायच्या. दिसायला पंधरा, खरं तर तिनातिनाच्या पाच सोप्या ओळी: अक्षरं, आकडे, आकृत्या. 1975 मध्ये अमेरिकेत पँक्रात्झ यांनी बहिरेपणाचं सोंग पकडायला प्रत्येक वेळी उत्तराचे दोनच पर्याय ठेवले. अंदाजपंचे उत्तरं दिली तरी शंभरात पन्नासेक बरोबर येतात. तीसच आली, तर बरोबर उत्तर कळल्याशिवाय माणूस इतका चुकत नाही! हा हिशेब मला अजूनही देखणा वाटतो.

एकदा माण तालुक्याकडचा एक मेंढपाळ आला, डोक्याला मार लागलेला. पंधरांतल्या चारच खुणा त्याने काढल्या. नऊच्या खाली म्हणजे संशय. मी 'प्रयत्न अपुरा' लिहून मोकळा झालो. कागद उचलताना तो म्हणाला, "सायेब, ह्या रेघोट्या कशाच्या?" रोमन आकडे होते ते. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला पाच ओळी कुठून दिसणार? मग ठिपक्यांचे पत्ते ठेवले. विखुरलेल्यांवर बोट अडखळलं. गटातले त्याने कळपातली मेंढरं मोजावीत तसे भराभर मोजले.

अहवालातली ती ओळ मी खोडली.