पाटी एक, शिकणारे दोघे

सातपुड्याच्या घाटावर बैहरचे पठार आणि घाटाखाली वैनगंगेकाठची भातशेती, अशा दोन पायऱ्यांवर बालाघाट जिल्हा वसला आहे. भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून 1867 च्या सुमारास तो निर्माण झाला. 1956 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. शाळेतली हिंदी, घरची मराठी किंवा पोवारी आणि पठारावरची गोंडी अशा भाषा तेथे आजही शेजारी शेजारी नांदतात. अशा मुलखात संगणकाचे शिक्षण पोचते, तेव्हा यंत्रे किती आली याइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यंत्रापुढे कोणी बसावयाचे आणि त्याच्या शेजारच्याने काय करावयाचे?

प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. पंतोजींच्या शाळेत गुरू एक आणि मुले अनेक असत. तेव्हा धूळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या धाकट्यांचा हात धरण्याचे काम थोरल्या मुलांकडे येई. असाच एक प्रकार मद्रासेत अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाच्या दृष्टीस पडला. मलबारी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. बेलने ती रीत आपल्या अनाथालयात आणली आणि मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सोपविला. 1797 साली त्याने या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टर याने तशीच पद्धत इंग्लंडात रुजविली. मुंबईत 1822 साली देशी शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या शाळांसाठीही लँकेस्टरचीच पद्धत पसंत करण्यात आली. भारतातून गेलेली विद्या विलायती पोशाख करून भारतात परतली, असे म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीने थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकली. परंतु तिच्यात एक उणीव राहिली. शिकविणारा मुलगा सदैव वरचा आणि शिकणारा सदैव खालचा. जागांची अदलाबदल तिच्यात नव्हती.

ती अदलाबदल पुढे एका अगदी निराळ्या क्षेत्रात आली. 1946 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे ‘एनिअॅक’ या प्रचंड संगणकाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखविणारी त्याची आज्ञावली जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोन तरुणींनी मिळून सिद्ध केली होती. एकीची चूक दुसरीने हेरावयाची आणि दुसरीची पहिलीने, असा त्यांचा क्रम होता. पन्नास वर्षांनी, 1990 च्या दशकाच्या अखेरीस, केंट बेक या अमेरिकन तज्ज्ञाने या सवयीला नियमाचे रूप दिले. दोघांनी एका यंत्रापुढे बसावे; एकाने कळफलक हाती घेऊन लिहावे, दुसऱ्याने प्रत्येक ओळ पारखावी आणि पुढच्या वाटेचा विचार करावा; थोड्या वेळाने दोघांनी कामे बदलावीत. गाडीवान आणि वाटाड्या यांच्यासारखी ही जोडी. मात्र येथे वाटाड्याला कासरा धरावाच लागतो.

या पद्धतीने दोघांचा वेळ एका कामात जातो, हा आक्षेप साहजिक होता. 1999 साली लॉरी विल्यम्स या संशोधिकेने यूटा विद्यापीठात त्याची परीक्षा घेतली. 41 विद्यार्थ्यांपैकी 13 जणांनी एकट्याने काम केले आणि 28 जणांनी जोडीने. एकत्रित धरता जोड्यांना सुमारे 15 टक्के वेळ अधिक लागला. पण त्यांच्या आज्ञावल्यांत दोषही तितकेच कमी निघाले. पुढे कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील अध्यापकांना आणखी एक गोष्ट आढळली. जोडीने शिकणारे विद्यार्थी, त्यांतही विद्यार्थिनी, हा विषय मध्येच सोडून देण्याचे प्रमाण कमी होते. एकट्याला चूक सापडत नाही तेव्हा ती आपल्या बुद्धीचीच उणीव वाटते. शेजाऱ्यालाही ती सापडेनाशी झाली, की तिचे एक कोडे होते.

आपल्याकडे मात्र दोघांनी किंवा दहांनी एका यंत्रापुढे बसणे हे टंचाईतून आले. 1984 साली केंद्र सरकारने सुमारे 250 शाळांत संगणक शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हा यंत्रे थोडी आणि मुले फार अशीच स्थिती होती. वीस वर्षांनंतरही ती पुरती पालटली नव्हती. बंगळूर येथील संशोधकांनी खेड्यांतील शाळा पाहिल्या, तेव्हा एकेका यंत्राभोवती मुलांचा घोळका दिसला. त्यातले एखादे दांडगे मूल माऊस धरून बसे आणि बाकीची नुसती पाहत राहत. 2006 साली त्यांनी त्यावर तोड सुचविली: एकाच यंत्राला अनेक माऊस जोडावेत.

येथेच गर्दी आणि जोडी यांतला भेद स्पष्ट होतो. दोन मुले एका बाकावर बसली म्हणजे जोडी झाली असे नव्हे. हुशार मुलाने लिहावे आणि दुसऱ्याने मान डोलवावी, असे घडले तर बेलच्या काळचा वरचा-खालचा भेदच नव्या वेषात परत येतो. म्हणून शिक्षकाने घड्याळ पाहून जागा बदलावयास लावल्या पाहिजेत, जोड्या अधूनमधून मोडून नव्या बांधल्या पाहिजेत आणि परीक्षा प्रत्येकाची वेगळी घेतली पाहिजे.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात या पद्धतीचा आणखी एक लाभ संभवतो. संगणकाच्या आज्ञा इंग्रजीत असतात. पण शेजाऱ्याला ‘ही ओळ का लिहिली’ हे समजावून सांगताना मुलाला आपल्या बोलीचाच आधार घ्यावा लागतो. जे घरच्या भाषेत सांगता आले, ते खरोखर समजले. पठारावरून आलेली एखादी मुलगी दुसऱ्या जागेवर बसून राहिली, तर शाळेत यंत्र येऊनही तिच्यापुरते ते आलेच नाही. तिची पाळी ठरलेल्या वेळी येते की नाही, यावरूनच त्या वर्गाची परीक्षा व्हावी.