भ्रूणीय रक्तवाहिनीजनन

वाढत्या भ्रूणात रक्तवाहिन्या नव्याने निर्माण होऊन त्यांचे जाळे तयार होण्याच्या प्रक्रियेस भ्रूणीय रक्तवाहिनीजनन म्हणतात. भ्रूण अतिशय लहान असेपर्यंत त्याला ऑक्सिजन व पोषकद्रव्ये केवळ विसरणाने मिळू शकतात. आकारमान वाढल्यावर हा पुरवठा अपुरा पडतो. म्हणून हृदय व रक्तवाहिन्या यांचे तंत्र इतर तंत्रांच्या आधी कार्य करू लागते.

या वाहिन्या कोठून येतात, हा प्रश्न जुना असून कोंबडीचे उबविलेले अंडे हे त्याच्या अभ्यासाचे प्रमुख साधन होते. सतराव्या शतकात एम. मालपीगी (१६२८–९४) यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यातील भ्रूणाच्या वाहिन्यांची चित्रे काढली. सर्व अवयव प्रारंभापासूनच सूक्ष्मरूपात असतात व ते केवळ मोठे होतात, असे मत त्या काळी प्रचलित होते. के. एफ. व्होल्फ (१७३४–९४) यांनी १७५९ मध्ये त्याला विरोध केला. भ्रूणपटलात आरंभी वाहिन्या नसतात, त्या क्रमाने घडत जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे फ्लॉरेन्स सेबिन (१८७१–१९५३) या अमेरिकन शारीरविज्ञ स्त्रीने जिवंत भ्रूणपटलातील आद्य कोशिकांपासून वाहिन्या बनताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिल्या व १९२० मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. वाहिन्या दोन प्रकारे निर्माण होतात : प्रथम सुट्या कोशिका एकत्र येऊन मूळ जाळे बनते व नंतर त्याला अंकुर फुटून शाखा वाढतात.

कोशिकांना हे आदेश कोण देते, याचे उत्तर मात्र अर्बुदांच्या (गाठींच्या) अभ्यासातून मिळाले. अर्बुदाच्या वाढीस नव्या वाहिन्या आवश्यक असतात, अशी कल्पना जे. फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. १९८३ मध्ये डी. आर. सेंगर, एच. एफ. ड्वोरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांना वाहिन्या झिरपत्या करणारे एक प्रथिन अर्बुदांत आढळले. १९८९ मध्ये एन. फेरारा व डब्ल्यू. जे. हेन्झेल यांनी वाहिनीच्या अंतःस्तराची वाढ करणारे प्रथिन वेगळे केले. ही दोन्ही प्रथिने एकच असल्याचे लवकरच सिद्ध झाले. त्यास वाहिनी-अंतःस्तर वृद्धिघटक (व्हीईजीएफ) म्हणतात.

ऑक्सिजन कमी पडलेल्या ऊतकातील कोशिका हा घटक अधिक प्रमाणात स्रवतात. तो अंतःस्तर कोशिकांच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना जोडला गेला की, कोशिकेच्या आत रासायनिक संदेशांची साखळी सुरू होते आणि ती कोशिका विभागू व सरकू लागते.

भ्रूणातील याचे महत्त्व उंदरांवरील प्रयोगांनी स्पष्ट झाले. या घटकाचा मुख्य ग्राही नसलेल्या उंदरांत वाहिन्याच निर्माण होत नाहीत व भ्रूण दहाव्या दिवसापूर्वी मरतात, असे १९९५ मध्ये टोरँटो येथे आढळून आले. दुसरा ग्राही नसल्यास उलट अंतःस्तर कोशिका अतोनात वाढून जाळे विस्कळित होते. कारण हा ग्राही जादा वृद्धिघटक अडवून धरतो. १९९६ मध्ये पी. कार्मेलीट व फेरारा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की, घटकाच्या दोन जनुकप्रतींपैकी एक नष्ट केली तरी भ्रूण अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास मरतो. बहुतेक जनुकांच्या बाबतीत एक प्रत पुरेशी ठरते; येथे तसे होत नाही. घटकाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले तरीही भ्रूण जगत नाही, असे २००० मध्ये दिसून आले. अर्थात, संकेत असणे एवढेच पुरेसे नसून त्याची मात्रा अचूक असावी लागते. शाखा फुटतानाही नॉच हे ग्राही प्रथिन शेजारच्या कोशिकांना आवर घालते व त्यामुळे मोजक्याच कोशिका अंकुराच्या टोकाशी येतात.

मानवातही या मात्रेला महत्त्व आहे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या दृष्टिपटलातील वाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. जादा ऑक्सिजनमुळे वृद्धिघटक कमी होऊन ती थांबते व पुढे तोच घटक वाजवीपेक्षा वाढल्याने विकृत वाहिन्या फुटून अंधत्व येऊ शकते. या घटकास रोधणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये कर्करोगासाठी संमत झाले. परंतु भ्रूणाची वाढ याच घटकावर अवलंबून असल्याने अशी औषधे गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत टाळावी लागतात.