7 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात तूट नेमकी किती? राज्याचं बजेट असं वाचा

दरवर्षी मार्चमध्ये एक दिवस असा येतो की तुमच्या फीडवर दोनच प्रकारच्या पोस्ट दिसतात. एकीकडे 'ऐतिहासिक अर्थसंकल्प', दुसरीकडे 'राज्य दिवाळखोरीत'. गंमत म्हणजे दोन्ही पोस्ट टाकणारे एकाच कागदावरचे आकडे वापरत असतात.

उदाहरणासाठी 2025-26 चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प घेऊ. 10 मार्च 2025 रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी तो विधानसभेत मांडला. एकूण खर्च 7,00,020 कोटी रुपये. बातम्यांचे मथळे या आकड्यावर गेले. पण कामाचे आकडे त्याच्या खाली होते:

महसुली जमा: 5,60,964 कोटी
महसुली खर्च: 6,06,855 कोटी
महसुली तूट: 45,891 कोटी
राजकोषीय तूट: 1,36,235 कोटी

तुटी दोन का?

घरातलं उदाहरण घेऊ. पगार येतो, त्यातून किराणा, वीजबिल, शाळेची फी जाते. पगार या रोजच्या खर्चालाच पुरला नाही, तर ती महसुली तूट. त्यावर घराची नवी खोली बांधायला काढलेलं कर्जही धरलं, तर वर्षभरात बाहेरून आणावा लागणारा जो एकूण पैसा होतो, ती राजकोषीय तूट.

म्हणजे राजकोषीय तूट मोठी असणं हे आपोआप वाईट नाही. धरणं, रस्ते, मेट्रो यांसाठी सरकार कर्ज काढतं, ते पुढची 30 वर्षं वापरात राहतात. प्रश्न असा विचारायचा की कर्जातला किती पैसा खोली बांधायला गेला आणि किती किराण्याला. इथे 1,36,235 पैकी 45,891 कोटी, म्हणजे साधारण एक तृतीयांश, रोजच्या खर्चाची तोंडमिळवणी करायला लागणार होते. राजकोषीय तुटीला 365 ने भागलं तर दिवसाला 373 कोटींची उसनवारी येते.

तरीही सरकार म्हणतं की सगळं मर्यादेत आहे, आणि ते खोटं नाही. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांपर्यंत राजकोषीय तूट चालते. या अर्थसंकल्पात ती 2.76 टक्के दाखवली होती. एकूण कर्जाचा अंदाज 9.32 लाख कोटी होता, म्हणजे उत्पन्नाच्या 18.87 टक्के. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था मोठी असल्यामुळे हे आकडे रुपयांत घाबरवतात आणि टक्क्यांत शांत करतात. कुठली पोस्ट कोणता आकडा उचलते, त्यावरून तिचा कल कळतो.

पैसा येतो कुठून?

जमेचा मोठा भाग राज्याचे स्वतःचे कर: जीएसटीतला वाटा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क, वाहन कर. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून त्याचे दर राज्य एकट्याने बदलू शकत नाही, ते जीएसटी परिषदेत ठरतात. हातात उरलेली मोठी बटणं म्हणजे इंधन, दारू आणि मालमत्ता. तिजोरीवर ताण आला की दारू किंवा दस्तनोंदणी महाग होण्याची चर्चा का सुरू होते, ते इथे कळतं.

दुसरा वाटा केंद्राकडून येतो. पंधराव्या वित्त आयोगानुसार 2025-26 पर्यंत वाटपयोग्य करांतले 41 टक्के राज्यांना आणि त्यातले 6.317 टक्के महाराष्ट्राला मिळत होते. म्हणजे 100 रुपयांतले सुमारे 2 रुपये 59 पैसे. केंद्राचे सेस आणि अधिभार या वाटपात येतच नाहीत.

आणि जातो कुठे?

वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हे तीन खर्च टाळता येत नाहीत. महसुली जमेतला निम्म्याहून जास्त भाग त्यातच जातो. उरलेल्यात शेतीपंपांची वीज सवलत, शिष्यवृत्त्या, रुग्णालयं आणि नव्या योजना बसवायच्या.

इथेच 'लाडकी बहीण'चा हिशेब येतो. 2025-26 साठी तरतूद होती 36,000 कोटी. महिन्याला 1,500 म्हणजे वर्षाला 18,000 रुपये. भागाकार केला तर ही रक्कम बरोबर 2 कोटी महिलांना पुरते. सरकारनेच सांगितलेला लाभार्थींचा आकडा याहून जास्त होता. म्हणजे नावं कमी होणार किंवा पैसे आणखी लागणार, हे अर्थसंकल्पाच्या दिवशीच दिसत होतं. निवडणुकीत जाहीर केलेले 2,100 रुपये या आकड्यात बसतच नव्हते. तेवढ्याच 2 कोटी महिलांसाठी आणखी 14,400 कोटी लागले असते.

पैसा कमी पडला की तो दुसऱ्या खिशातून निघतो. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला आणि सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी बोलून दाखवली. योजना चांगली की वाईट हा वाद तुम्ही जरूर घाला, पण वसतिगृहातल्या मुलांचा पैसा कमी झाला का, हा प्रश्न त्यात राहून जातो.

मार्चनंतर काय होतं?

अर्थसंकल्प हा अंदाज असतो. वर्षाच्या मध्ये 'पुरवणी मागण्या' येतात. जुलै 2025 च्या पावसाळी अधिवेशनात त्या 57,509 कोटींच्या होत्या. त्यातला काही भाग फक्त हिशेबातली फिरवाफिरव किंवा केंद्राकडून येणारा पैसा असतो. निव्वळ भार 40 हजार कोटींच्या घरात होता. चार महिन्यांत एवढा, आणि मार्चमध्ये दाखवलेली महसुली तूट 45,891 कोटी.

उलटही होतं. मंजूर निधी खर्चच होत नाही, वित्त विभाग कात्री लावतो किंवा बिलं पुढे ढकलली जातात. न दिलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात दिसत नाही, त्यामुळे तूट कमी दिसते. 2025 मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली, ती याच खात्यातली.

म्हणून पुढच्या वेळी कागद उघडलात तर 'अर्थसंकल्पीय अंदाज' या रकान्यावर थांबू नका. त्याच पानावर मागच्या वर्षाचा 'सुधारित अंदाज' आणि त्याआधीच्या वर्षाच्या 'प्रत्यक्ष रकमा' असतात. आपल्या जिल्ह्यात गाजलेल्या एखाद्या योजनेची ओळ शोधा आणि जाहीर रकमेशेजारी प्रत्यक्ष आकडा ठेवून बघा. कागद वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत, मोफत मिळतात. फक्त पीडीएफ जड आहेत, वायफायवर उघडा.