तलवारीवरचं नाव नेमकं काय सांगतं?

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाखांना घेतली. पातं युरोपीय बनावटीचं, पण त्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचं नाव. म्हणजे पातं सांगतं कुठे घडली, लेख सांगतो कोणाची. ती लंडनला कशी पोचली, हे दोन्ही सांगत नाहीत. १८१७ च्या सीताबर्डी लढाईनंतर कंपनीने नेली असावी, हा तर्क. तो तर्क म्हणूनच लिहायचा.

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी तलवारींचंही तसंच. मूठ काढली की पात्याच्या मुळाशी कारागिराची सही किंवा शिक्का सापडू शकतो. १९३५ च्या नमुन्याच्या, हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठीच्या तलवारींवर तर नंबरच ठोकलेला असे. पण नंबर म्हणजे सैनिकाचं नाव नव्हे. आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमधली नोट घ्या: नंबर छपाईचा, खिसा कोणाचा ते कळत नाही.

तेव्हा कुठलीही वस्तू अभ्यासाला घेतलीत तर वहीत तीन रकाने आखा: घडण, मालकी, प्रवास. रिकामा रकाना दंतकथेने भरू नका. बऱ्याचदा तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच असतो.