मागेल त्याला काम

आमेरच्या कछवाह घराण्यातले जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह दुसरे यांनी 1900 साली दुष्काळग्रस्तांसाठी पंधरा लाखांच्या घरात देणगी दिली. तीतून देशव्यापी मदतनिधी उभा राहिला. राजस्थान त्या दुष्काळाला अजून ‘छप्पनिया अकाल’ म्हणतो, कारण ते विक्रम संवत 1956 होतं. देणगी मोठीच होती. पण राजाने दिली म्हणून मिळाली. उपाशी माणसाला ती हक्काने मागता येत नव्हती.

बाजाराकडे तर मागण्याची सोयच नव्हती. 1876-77 च्या दुष्काळात सरकारचं धोरण होतं की धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही. भाव चढले की माल आपोआप येईल. माल आलाही, पण ज्याच्या गाठीला पैसा होता त्याच्यापुरता. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामंच सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. रोजगार हमीचं मूळ शोधायचं तर मी या संपापासून सुरुवात करीन.

पुढचा धागा सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या या आपल्या गावी प्रयोग केला : अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते द्यायचं. मग 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडणारे हात, कामावर वाटलेली सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, हे त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकू येतं. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या माणसांना कुणाच्या मेहरबानीवर सोडता येणार नाही, हे सगळ्याच पक्षांना पटलं. 1977 मध्ये महाराष्ट्राचा रोजगार हमी योजनेचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. दिवसांची मर्यादा नाही.

पैसा कुठून आला? पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, तो व्यवसाय कर 1975 मध्ये याच योजनेसाठी सुरू झाला. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराची मजुरी भरायची, असा हा सरळ व्यवहार.

2001 मध्ये जयपूरच्या कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारलं की गोदामात धान्य सडत असताना शेजारची माणसं उपाशी का? अन्न अधिकाराचा तो खटला आणि रोजगाराची मागणी हातात हात घालून चालली, आणि 2005 मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात घरटी शंभर दिवसांची मर्यादा आली. महाराष्ट्राचा मूळ शब्द त्याहून मोठा होता.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला. दिवस 125 झाले, पण कोणत्या राज्याला किती निधी, हे केंद्र आधीच ठरवणार. पागेंच्या योजनेत आधी मजुराची मागणी होती, पैशाची सोय तिच्यामागून. हा क्रम उलटत असताना निदान महाराष्ट्राने तरी गप्प बसू नये.