शांतिनिकेतनातील अभ्यागत आचार्य आणि जैनविद्येचे एक पीठ

दूरदेशीचा विद्वान आपल्या गावी आला की आपण त्याचे व्याख्यान ठेवतो, शाल-श्रीफळ अर्पण करतो आणि सायंकाळच्या गाडीने त्याला निरोप देतो. तत्त्वार्थसूत्रकारांनी मात्र स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगताना वाचनेला प्रथम व पृच्छनेला द्वितीय स्थान दिले. धर्मोपदेश पाचवा, म्हणजे शेवटचा. मोजक्या शिष्यांनी आचार्यांसमवेत ग्रंथ उघडून बसावे, ओळ वाचावी, अडले की विचारावे, ही आपलीच परंपरा. विसाव्या शतकात तिचे एक सुंदर रूप बंगालमधील शांतिनिकेतनात दिसले.

२३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारतीची विधिवत् स्थापना झाली. तेथील पहिले अभ्यागत प्राध्यापक म्हणजे पॅरिसचे प्रख्यात प्राच्यविद्यापंडित सिल्वाँ लेव्ही. मोजक्या जिज्ञासूंना ते चिनी व तिबेटी भाषा शिकवीत. त्या लहानशा वर्गात संस्कृतचे प्रौढ पंडित विधुशेखर शास्त्री विद्यार्थी होऊन बसले. आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठातून पाठविलेले तरुण प्रबोधचंद्र बागची होते. स्वतः रवींद्रनाथही श्रोत्यांत असत. चाळिशी ओलांडलेल्या पंडिताने पुन्हा मुळाक्षरे गिरवावीत, ही गोष्ट मला त्या सर्व विद्वत्तेहून मोठी वाटते. त्याचे फळही मिळाले. तिबेटी भाषांतराच्या आधारे विधुशेखरांनी आर्यदेवाच्या ‘चतुःशतका’चा लुप्त भाग संस्कृतात पुनर्रचित करून १९३१ साली प्रसिद्ध केला. बागची १९२२ मध्ये लेव्हींसमवेत नेपाळात हस्तलिखिते पाहावयास गेले, पुढे पॅरिसला शिकले आणि १९५४ मध्ये विश्वभारतीचे कुलगुरू झाले.

लेव्हींच्या मागोमाग प्रागचे मोरिट्झ विंटरनिट्झ आले. भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात जैन साहित्याला स्वतंत्र व विस्तृत स्थान देणारे हे ग्रंथकार. महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी, हा त्यांचा जुना ध्यास. पुण्याच्या भांडारकर संस्थेने ते कार्य हाती घेतले, तेव्हा बंगाली हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याचे काम शांतिनिकेतनात चालले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

या भूमीत जैनविद्येचे पीठ उभे राहिले ते १९३१ साली. दानशूर बहादुरसिंहजी सिंघी यांनी पिताश्री डालचंदजी यांच्या स्मरणार्थ ‘सिंघी जैन ज्ञानपीठा’ला द्रव्य दिले आणि अध्यापनासाठी मुनी जिनविजयजींना पाचारण केले. मुनिजी महाराष्ट्राला परके नव्हते. १९२० मध्ये त्यांनी पुण्याहून ‘जैन साहित्य संशोधक’ सुरू केले होते आणि १९३० च्या सत्याग्रहात नाशिकच्या तुरुंगवासही भोगला होता. शांतिनिकेतनात अध्यापनाबरोबर संपादन सुरू झाले व १९३३ मध्ये ‘प्रबंधचिंतामणि’ हा सिंघी जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ प्रकाशित झाला.

परंतु हे पीठ तेथे फार काळ टिकले नाही. एका दात्याचे औदार्य आणि एका आचार्याची उपस्थिती यांवरच त्याचा सारा भार होता. इमारतींसाठी निधी देण्यास आपला समाज कधी मागे हटलेला नाही. आचार्यासाठी व चार-सहा विद्यार्थ्यांसाठी वर्षानुवर्षे खर्च करावयाचा म्हटले की मात्र हात आखडतो. सिंघीजी त्याला अपवाद होते, म्हणून ग्रंथमाला तरी जगली. ती पुढे मुंबईच्या भारतीय विद्या भवनात आली.

तेथे तिला आपल्या भागातील संपादक लाभले. सदलग्याचे सुपुत्र व कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अर्धमागधीचे प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा ‘बृहत्कथाकोश’ याच मालेत १९४३ साली निघाला, ‘लीलावई’ १९४९ मध्ये. आणि १९५९ मध्ये उद्योतनसूरींच्या ‘कुवलयमाले’चा मूळ पाठ. शके ७०० च्या सुमारास रचलेल्या त्या प्राकृत कथेत एका बाजारपेठेचे वर्णन आहे. नाना देशांचे व्यापारी तेथे आपापल्या बोलीत बोलत आहेत, आणि त्यांत मराठेही आहेत.