जत्रा पुन्हा कधी भरवायची? वऱ्हाडातील साथी आणि बंद-उघडीचा इतिहास

साथ आली की काय बंद करायचे यावर फारसा वाद होत नाही. भीतीच तो निर्णय घेऊन टाकते. वाद होतो तो उघडताना. कोणते दार आधी उघडायचे, कोणते शेवटी, आणि ते ठरवायचे कोणी? कोरोनाच्या दोन वर्षांत हा प्रश्न जगभर विचारला गेला. मोठमोठ्या थीम पार्कांचे मालक, कामगार, डॉक्टर आणि सरकारे त्यावर एकमेकांशी भांडली. आपल्या अमरावती-अकोल्याकडे असली पार्के कमी, पण माणसांनी पैसे खर्चून, गर्दीत घुसून, ओरडून-हसून आनंद मिळवण्याची जागा इथे फार जुनी आहे. ती म्हणजे जत्रा.

चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्राच घ्या. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होऊन ती जानेवारीअखेरपर्यंत चालते. दर्शन तर आहेच. पण रहाटपाळणे, मौत का कुवा, खेळण्यांची पाले आणि मातीच्या हंडीत शिजणारे मटण यांच्यासाठी येणाऱ्यांची संख्याही कमी नसते. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. १९४४ पासूनची ही परंपरा आज शहराचा सर्वांत मोठा उत्सव झाली आहे. अशा ठिकाणी देव आणि करमणूक वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच साथीनंतर जत्रा उघडण्याचा प्रश्न केवळ श्रद्धेचा किंवा केवळ धंद्याचा राहत नाही. सरकारी आदेशांत मात्र ‘धार्मिक स्थळे’ आणि ‘मनोरंजन’ असे दोन वेगळे रकाने असतात आणि जत्रा दोन्हींच्या मधोमध अडकते.

गावाची शीव आणि सरकारची शीव

पटकीच्या काळात गावांचा स्वतःचा एक रिवाज होता. मरीमायची पूजा करायची, तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, आणि त्या काळात गावात येण्याजाण्यावर बंधन पाळायचे. यातल्या श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बंद करणारे आणि उघडणारे एकच होते. बंधन किती दिवसांचे, ते कोणत्या विधीने सुटणार, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असे. जंतूंविषयी गावाला काही माहीत नव्हते, पण शेवट कसा होणार हे माहीत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जत्रेकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हिंदुस्थानातल्या यात्रांकडे पटकीच्या प्रसाराचे एक मोठे कारण म्हणून बोट दाखवले गेले. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभानंतर उत्तर हिंदुस्थानात पटकी पसरली. योगायोग असा की १८६७ सालीच आगगाडी अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. रुईच्या गाठी मुंबईला नेणाऱ्या त्याच रुळांवरून यात्रेकरू आणि रोग दोघेही वेगाने फिरू लागले. १८९२ मध्ये हरिद्वारचा महावारुणीचा मेळा सरकारने मध्येच उठवला, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी तक्रार केली. त्या तक्रारीतला मुद्दा आजही ओळखीचा वाटतो : आमची यात्राच तेवढी रोग पसरवते आणि तुमचा व्यापार पसरवत नाही काय?

१८९७ : प्लेगच्या वर्षी अमरावतीत गर्दी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे निश्चित झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटतील ते उपाय करण्याची मुभा, न पाळणाऱ्यास शिक्षा, आणि अंमलबजावणी करणाऱ्यांना संरक्षण, एवढाच त्याचा गाभा. उपाय किती दिवस चालतील, ते मागे घेण्याची कसोटी कोणती, याबद्दल कायद्यात एक अक्षर नाही. हीच त्रुटी पुढे सव्वाशे वर्षे आपल्याला पुरली. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये जो कायदा लागू केला तो हाच.

त्या वर्षी मुंबई बंदरातून हजला जाणे थांबवले गेले, आगगाडीच्या स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली, पुण्यात घरझडत्यांनी लोक संतापले आणि २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन आपल्या अमरावतीत भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. प्लेगच्या नावाखाली झालेल्या जुलमाची चर्चा तिथे झाली, टिळकांच्या शिक्षेबद्दल दुःख व्यक्त झाले.

या प्रसंगाकडे आपण राष्ट्रीय इतिहासाचे पान म्हणून पाहतो. साथीच्या इतिहासातही त्याची जागा आहे. देशभरातून आलेल्या माणसांचा मेळावा प्लेगच्या वर्षात एका कापूसबाजाराच्या शहरात भरला, म्हणजे गर्दी सरसकट बंद नव्हती. कोणती गर्दी आवश्यक आणि कोणती टाळण्याजोगी, हे ठरवण्याचा झगडा तेव्हाही होता, आणि ज्याच्याजवळ वकील व वर्तमानपत्र होते त्याची गर्दी आवश्यक ठरण्याची शक्यता अधिक होती. जत्रेतल्या पालवाल्याजवळ दोन्ही नव्हते.

१९१८ : बंदच झाले नाही, तर उघडणार काय?

इन्फ्लुएंझाची दुसरी, जीवघेणी लाट १९१८ च्या सप्टेंबरपासून देशात पसरली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे ते दिवस, म्हणजे नेमका कापूस वेचणीचा हंगाम. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. अनेक डॉक्टर महायुद्धाच्या कामावर होते. देशातल्या मृत्यूंचा सरकारी अंदाज आधी साठ लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला आणि पुढच्या अभ्यासकांनी तो आणखी वर नेला.

इथे प्लेगच्या वेळेसारखी सक्ती झाली नाही. एक तर १८९७ ची धास्ती सरकारच्या मनात होती आणि दुसरे म्हणजे साथीचा वेग एवढा होता की आदेश निघेपर्यंत गाव आजारी पडून उठलेले किंवा मेलेले असे. बाजार ओस पडले ते हुकमाने नव्हे, माणसेच अंथरुणावर होती म्हणून. त्यामुळे ‘कधी उघडायचे’ हा वादही आपल्याकडे झाला नाही.

तो अमेरिकेत झाला. सॅन फ्रान्सिस्कोने १६ नोव्हेंबर १९१८ ला नाटक-सिनेमागृहे उघडली, २१ तारखेला तोंडावरचे मास्क उतरवले, आणि जानेवारीत पुन्हा मास्कची सक्ती करावी लागली. डेन्व्हरने युद्धसमाप्तीच्या आनंदात निर्बंध उठवले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लावले. लवकर उघडण्याची किंमत काय असते याचे हे धडे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

२०२० ते २०२२ : उघडण्याचा क्रम

आता आपल्या अनुभवाकडे येऊ. महाराष्ट्रात दारे कोणत्या क्रमाने उघडली ते पाहा. ५ ऑगस्ट २०२० ला मॉल. ५ ऑक्टोबरला हॉटेल आणि बार. ५ नोव्हेंबरला सिनेमागृहे व नाट्यगृहे, निम्म्या क्षमतेने. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी, मंदिरे व इतर प्रार्थनास्थळे. केंद्राने मनोरंजन उद्यानांना १५ ऑक्टोबरपासून मुभा दिली होती, राज्याने ती डिसेंबरात दिली. यात्रा-जत्रांना मात्र त्या हिवाळ्यात मुभा नव्हतीच. बहिरमचा माळ सुना राहिला.

या क्रमामागे रोगाचे शास्त्र किती आणि आवाजाचे बळ किती? मंदिरे उघडावीत म्हणून ऑगस्टअखेर भाजपने संतांच्या भारुडाची हाक उचलून आंदोलन केले. ३१ ऑगस्टला अकोल्याचे माजी खासदार प्रकाश आंबेडकर यांनी पंढरपुरात हजारोंच्या साक्षीने विठ्ठल मंदिर उघडण्याची मागणी लावून धरली. ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात त्यावरून पत्रांची चकमक झडली. बार आधी आणि देऊळ नंतर का, हा प्रश्न लोकांना पटणारा होता. पण रहाटपाळणा कधी, हे कोणीच विचारले नाही. जत्रेमागून जत्रा गाठत फिरणारे पाळणेवाले, तंबूतले सिनेमावाले, तमाशाचे फड, खेळणी विकणाऱ्या बाया यांचा वर्षाचा दाणागोटा त्या चार महिन्यांत जमतो. तो एकदा बुडाला की दुसऱ्या वर्षापर्यंत भरून निघत नाही.

मग दुसरी बाजू आली आणि ती आपल्याच अंगणात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशात दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल ज्या जिल्ह्यांत लागली त्यांत अमरावती आणि अकोला पुढे होते. अमरावतीत आधी शनिवार-रविवारची बंदी आली. २१ फेब्रुवारीला पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी जाहीर केली. पुढे ती वाढली. अकोला, मूर्तिजापूर, अकोट इथेही तेच. नेमके त्याच आठवड्यात, २३ तारखेला, वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला एका मंत्र्याच्या दौऱ्यात हजारोंची गर्दी झाली. मार्चमध्ये केंद्राने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दुहेरी उत्परिवर्तन आढळल्याचे सांगितले. त्या कुळातल्याच एका प्रकाराला पुढे मेअखेरीस ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

तेव्हा ‘उघडले म्हणून हे झाले’ असे म्हणणे सोपे होते. पण काय उघडले म्हणून? लग्ने, जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकांचा प्रचार, बाजार, नवा विषाणू, मास्कचा कंटाळा, यांतले कोणते कारण किती जबाबदार हे वेगळे काढता आले नाही. जत्रा तर भरलीच नव्हती. तरी त्यानंतरच्या प्रत्येक आदेशात जत्रेचे स्थान तळाशीच राहिले.

जून २०२१ मध्ये सरकारने प्रथमच लेखी कसोटी ठरवली. बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर. आपल्या जिल्ह्याला कधी मोकळीक मिळणार हे आकड्यावरून कळणार, ही साधी आणि प्रामाणिक पद्धत होती. पण तीन आठवड्यांच्या आत, २५ जूनला, डेल्टा प्लसच्या भीतीने सगळ्याच जिल्ह्यांना तिसऱ्या किंवा वरच्या स्तराचे निर्बंध लावले गेले. कसोटी होती, ती टिकली नाही. पुढे ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरे उघडली. २२ तारखेपासून नाट्यगृहे-सिनेमागृहे आणि मनोरंजन उद्याने उघडली; उद्यानांतले पाण्याचे खेळ मात्र बंदच होते. आणि जानेवारी २०२२ च्या तिसऱ्या लाटेत तर गंमतच झाली. मॉल आणि बंदिस्त सिनेमागृहे निम्म्या क्षमतेने चालू, पण मनोरंजन उद्याने आणि मोकळ्या वाऱ्यावरचे किल्ले बंद. हवेतून पसरणाऱ्या रोगाबद्दल तोवर जे कळले होते, त्याच्याशी हे जुळवणे कठीण आहे.

जगाने काय केले

शांघायचे डिस्नीलँड १० मे २०२० पर्यंतही बंद नव्हते का राहिले? राहिले, पण दुसऱ्या दिवशी ते क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी माणसे घेऊन उघडले. फ्लोरिडातले ११ जुलैला उघडले. कॅलिफोर्नियातले मात्र ३० एप्रिल २०२१ पर्यंत, म्हणजे तेरा महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले. कंपनी एकच, देश एक, पण राज्ये दोन आणि उत्तरे दोन. कॅलिफोर्नियाने मोठ्या पार्कांसाठी कडक आकडा घातला आणि कंपनीने आरडाओरडा केला तरी काही महिने तो सोडला नाही. जपानने तर पाळण्यात बसून किंचाळू नका, मनातल्या मनात किंचाळा, असा सल्ला दिला. आपल्याला हसू येते, पण त्यात एक शहाणपण आहे. ‘उघडा’ आणि ‘बंद करा’ यांच्या मधल्या जागेचा त्यांनी विचार केला.

जत्रेसाठी तसा विचार आपण केलाच नाही. माळ मोकळा असतो, हवा वाहती असते. पाळण्यांतले अंतर वाढवता येते, दिवसाची संख्या ठरवता येते, महिनाभराची यात्रा असेल तर गावनिहाय दिवस वाटता येतात. अवघड भाग तेथे येणाऱ्या खचाखच गाड्या आणि राहुट्यांतला मुक्काम हा आहे, आणि त्यावरच नियम हवा. पूर्वी पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय यात्रेत प्रवेश नाही, असा नियम होताच. म्हणजे अट घालून जत्रा भरवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही.

सव्वाशे वर्षांच्या या पटावरून माझा निष्कर्ष असा. लवकर उघडणे धोक्याचे असते, हे १९१८ च्या अमेरिकेने दाखवले आणि २०२१ च्या अमरावती-अकोल्याने त्याची आठवण करून दिली; उघडण्याची घाई करणाऱ्यांचे म्हणणे मी मान्य करत नाही. पण बंदीचा शेवट कशाने होणार हे आधी न सांगणे हाही अन्याय आहे. बंद करण्याच्या आदेशातच उघडण्याची अट लिहिलेली असावी, ती आकड्यात असावी आणि ती सिनेमागृहाला व पाळण्याला सारखीच लागू असावी. आणि सार्वजनिक हितासाठी ज्याचा धंदा शेवटपर्यंत बंद ठेवायचा, त्याच्या पोटाची सोय सार्वजनिक तिजोरीतून व्हावी.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातले सगळे निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी गुढ्या उभ्या राहिल्या, आणि जूनमध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. त्या दोन वर्षांचे कागद मात्र आता विखुरत आहेत. यात्रेतल्या जागांच्या लिलावाच्या पावत्या, संस्थानांच्या दानाच्या वह्या, ग्रामपंचायतींचे ठराव, पोलिसांच्या नोटिसा. कोणती जत्रा किती बुडाली हे त्यांतूनच कळेल. १९१८ चा वऱ्हाड आपल्याला धड कळत नाही, कारण जत्रेच्या माळावरच्या माणसाचे कोणी लिहून ठेवले नाही. तालुक्याच्या गावी, संस्थानाच्या कचेरीत, एखाद्या पाळणेवाल्याच्या पेटीत असे कागद असतील, तर रद्दीत घालण्याआधी ते जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावेत. पुढची साथ आली म्हणजे उघडायचे कसे, हे ठरवणाऱ्यांना ते लागतील.